टोपी पडली नाही: अंपायरांच्या दोन दिवसांच्या शिबिराबद्दल

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा एका झेरॉक्सने घालवला, एक दुसऱ्या दिवसाच्या दुपारने.

मी मुलांच्या बेसबॉल सामन्यांत दोन वर्षं अंपायर म्हणून उभी राहते. एका सामन्याला अंपायर आलाच नाही, पालकांत कुणाला नियम येतात का असं विचारलं, आणि माझा हात वर गेला. नियम येतच होते. पण कोच तावातावाने अंगावर आला की काय करायचं ते येत नव्हतं. मी पाच-पाच मिनिटं त्याला समजावत बसायचे, तोवर पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, खांदा थंड. शिबिराचा विषय 'अंपायरचं मैदानावरचं वागणं' असा दिसला, म्हणून नाव घातलं.

पहिल्या दिवसाला नाव ठेवायला जागा नाही. पहिला तास नुसता मास्क काढण्यात गेला. आधी पुढे ओढायचा, मग वर उचलायचा, आणि तोही डाव्या हाताने. क्लिकर (मोजणी ठेवायचं छोटं यंत्र) त्याच हातात असतो, म्हणजे आउट-स्ट्राइकच्या खुणेला उजवा मोकळा. मी उजव्या हाताने उपटायचे आणि दर वेळी टोपीही सोबत खाली यायची. टोपी उचलायला वाकलेल्या बाईने 'आउट' म्हटलेलं कोण मानणार? चाळीसेक वेळा केल्यावर ती डोक्यावर टिकली. प्लेट, म्हणजे बॅटरसमोरची जमिनीतली पाटी, झाडण्याचीही रीत आहे: पुढे येऊन, पिचरकडे पाठ करून वाकायचं, म्हणजे प्रेक्षकांना आपलं बूड दिसत नाही. इतकी साधी गोष्ट मला दोन वर्षांत कुणी सांगितली नव्हती!

मग व्हिडिओ. चेंडू बॅटरमागे बसलेल्या कॅचरच्या ग्लव्हमध्ये पोचायच्या आधीच माझा हात हललेला. क्रिकेटमध्ये निदान अपील होईपर्यंत श्वास घ्यायला मिळतो. इथे बॅटरने सोडलेला प्रत्येक चेंडू 'स्ट्राइक' (मारण्याजोग्या कक्षेतला) की 'बॉल' (कक्षेबाहेरचा) हे आपणच बोलायचं, त्यात ही घाई होते. पूर्ण बघा, एक क्षण थांबा, मग बोला, एवढंच प्रशिक्षक सांगत राहिले.

खरी कमाई संध्याकाळी झाली. तेच प्रशिक्षक कोच बनून एकेकावर ओरडत आले. माझ्या वेळी तर कपाळाला कपाळ लागेल इतके जवळ. मी नियम सांगायला लागले, तसे आणखी पेटले. दुसऱ्यांदा मी हात खाली ठेवले, त्यांचं पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, "ऐकलं मी. आता खेळू या." त्यांना पुढे बोलायला काही उरलंच नाही. बॉल-स्ट्राइकवर वाद घालायला कुणी प्लेटकडे निघाला तर ताकीद, तरी आला तर बाहेर, हेही तिथेच घोटून घेतलं. बाहेर काढतानाही आवाज चढवायचा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुसरे गृहस्थ आले. त्यांचा विषय रुबाब. चूक कबूल केली की अंपायर संपला, हे त्यांचं पालुपद. मी हात वर केला (सवयच ती). अधिकृत नियमावलीतल्या अंपायरांसाठीच्या सूचना नेमकं उलटं सांगतात: प्रतिष्ठा महत्त्वाची, पण निर्णय बरोबर असण्याइतकी नाही. आणि एक चूक झाली म्हणून दुसऱ्या बाजूला झुकतं माप देऊन फिटंफाट करायची नाही, हेही तिथेच आहे. मी जिम जॉइस या अमेरिकी अंपायरचं उदाहरण दिलं. २ जून २०१०, डेट्रॉइट. गॅलारागा या पिचरचा परफेक्ट गेम (एकाही बॅटरला बेसवर पोचू न देता जिंकलेला सामना) एका आउटवर आलेला आणि जॉइसने पहिल्या बेसवर धावणाऱ्याला सेफ, म्हणजे नाबाद, दिलं. सामन्यानंतर रिप्ले पाहिला आणि सरळ सांगितलं की माझं चुकलं. दुसऱ्या दिवशी तोच प्लेटमागे होता. गॅलारागाने लाइनअप कार्ड (संघातल्या खेळाडूंची यादी) आणून दिलं तेव्हा जॉइसचे डोळे भरून आले होते. त्यानंतर तो संपला का? आणखी कित्येक हंगाम त्याने अंपायरिंग केलं. गृहस्थ म्हणाले, "ते मोठ्यांचं असतं," आणि पुढच्या स्लाइडवर गेले.

राहिली झेरॉक्स. हाती दिलेल्या कागदांवर अंपायरचा नियम नववा छापलेला. २०१५मध्ये नियमावलीची मांडणी बदलली, तेव्हापासून तो आठवा आहे. वागणूक शिकवणाऱ्यांनी आपले कागद तरी ताजे ठेवावेत. जाणार असाल तर नियमावली आपली आपण न्या, आणि दुसऱ्या दिवशी जेवणानंतर निघालात तरी फारसं बुडणार नाही.

परवा दुसऱ्या बेसवर मी घाईने आउट दिलं. टॅग (धावणाऱ्याला ग्लव्हचा स्पर्श) लागला होता, पण चेंडू ग्लव्हमधून निसटलेला, आणि तो माझ्या नजरेआड होता. प्लेटवरच्या जोडीदाराला बाजूला घेऊन विचारलं, त्याने पाहिलं होतं. निर्णय बदलून सेफ दिला. आता दुसऱ्या संघाच्या डगआउटमधून कोच निघाला, हात उडवत. मी त्याला बोलू दिलं. "ऐकलं मी. आता खेळू या." तो दोन पावलं तिथेच घुटमळला आणि परत गेला.