बिटवॉर्डनचा मास्टर पासवर्ड बदलला, दोन मिनिटांचं काम आणि दोन दिवसांची धाकधूक

तर झालं असं की ट्रेनमध्ये असताना आठवलं, लाईट बिलाची आज शेवटची तारीख. घरी भाऊ होता, म्हटलं कम्प्युटरवर माझं बिटवॉर्डन (सगळे पासवर्ड सांभाळून ठेवणारं ॲप, एका मास्टर पासवर्डने उघडतं) उघड आणि त्यातून पासवर्ड घेऊन भरून टाक, आणि त्याला नीट ऐकू येईना म्हणून मास्टर पासवर्ड तीनदा मोठ्याने सांगितला, स्पेलिंगसकट. अख्ख्या लेडीज डब्याने ऐकला. (हो, नुसत्या ग्राहक क्रमांकावर पण बिल भरता येतं, तेव्हा सुचलं नाही.) त्यामुळे रात्री घरी येऊन पहिलं काम पासवर्ड बदलणे.

मी फुकटवालं व्हर्जन वापरते, फोन, लॅपटॉप, ऑफिसचा ब्राउझर सगळीकडे सिंक होतं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. बदलायला वेबवर लॉगिन करायचं, सेटिंग्स, मग सिक्युरिटी, मग मास्टर पासवर्ड. जुना टाका, नवा दोनदा टाका, कमीत कमी १२ अक्षरं, वाटलं तर हिंट लिहा, झालं. बँकेच्या साईटवर यापेक्षा जास्त डोकं फिरतं.

पण तिथेच खाली एक छोटा चौकोन आहे, अकाउंटची एन्क्रिप्शन की, म्हणजे डेटा कुलूपबंद करणारी किल्ली, पण बदलायची का म्हणून, आणि माझा हात टिक करायला निघालाच होता, म्हटलं जास्त सुरक्षित ते चांगलंच की. थांबा! आपले सगळे पासवर्ड एका वेगळ्या किल्लीने बंद असतात आणि मास्टर पासवर्डने फक्त ती किल्ली ठेवलेली पेटी उघडते. नुसता पासवर्ड बदलला तर पेटीचं कुलूप बदलतं, आतली किल्ली तीच राहते, म्हणून काम झटक्यात होतं. टिक केलं की किल्लीच नवी होते आणि आतलं सगळं परत नव्याने एन्क्रिप्ट होतं, आणि तेव्हा दुसऱ्या एखाद्या डिव्हाइसवर जुनं लॉगिन चालू राहिलं आणि तिथून तुम्ही काही सेव्ह केलं तर डेटा खराब होऊ शकतो, कारण बाकीची डिव्हाइस लॉगआऊट व्हायला एक तासापर्यंत वेळ लागतो. म्हणून टिक करायचीच असेल तर आधी सगळीकडून स्वतः लॉगआऊट व्हा. मी नाही केली, गरज नव्हती.

आणखी एक, बॅकअप. एक्सपोर्ट करताना 'अकाउंट रिस्ट्रिक्टेड' (म्हणजे अकाउंटच्याच किल्लीने बंद केलेली फाईल) निवडलं असेल तर किल्ली बदलल्यावर ती फाईल रद्दी, परत इम्पोर्टच होत नाही. स्वतःचा पासवर्ड लावलेली एक्सपोर्ट घ्या, ती चालते.

आता माझा गाढवपणा. नवा पासवर्ड चार मराठी शब्दांचा केला, इंग्रजी अक्षरांत. सकाळी फोन लॉगआऊट झालेला, म्हणजे बोटाचा ठसाही उपयोगाचा नाही, आणि मला आठवेना की 'पाऊस'मध्ये मी एक ए टाकला का दोन. आणि 'वेळ'ला एल लिहिला का एलए? इथे फरगॉट पासवर्ड नावाचा प्रकार नाही, पासवर्ड कंपनीकडे नसतोच तर देणार कुठून. इमर्जन्सी ॲक्सेस, म्हणजे अडचणीत आपलं अकाउंट उघडायची परवानगी विश्वासातल्या माणसाला देणं, आधीच लावून ठेवलेला असता तर वाट होती, पण ते द्यायला प्रीमियम, म्हणजे पैसेवालं व्हर्जन लागतं. हिंट ईमेलवर मागवली तर मी शहाणीने लिहिलेलं 'नेहमीचंच'. दोन दिवस एकेक स्पेलिंग घालून बघितलं, शेवटी उघडलं, दोन ए होते. आता कागदावर लिहून कपाटात ठेवलाय, साड्यांच्या घडीत.

आणि ज्यांना वाटतं पासवर्ड बदलला म्हणजे सगळं मिटलं, त्यांनी लास्टपासचं आठवा, तेही असंच पासवर्ड सांभाळणारं ॲप. २०२२ मध्ये चोरांनी लोकांच्या व्हॉल्टच्या, म्हणजे पासवर्डच्या तिजोरीच्या, प्रतीच उचलल्या. चोरलेली प्रत जुन्या पासवर्डनेच उघडते, नंतर तुम्ही काहीही बदला, तिथे आतले पासवर्ड एकेक करून बदलण्याशिवाय इलाज नाही. माझ्या केसमध्ये फक्त डब्यातल्या बायकांनी ऐकलेला, तेवढ्याला हे पुरे.

साडेचार स्टार. अर्धा कापला तो त्या चौकोनाशेजारची सूचना साध्या भाषेत नाही म्हणून. भावाला नवा पासवर्ड सांगितलेला नाही. या महिन्याचं बिल त्याने स्वतःच्या खात्यातून भरलं आणि रोज पैसे मागतोय.