वेबव्ह्यूवरचं कापूस-नोंदणी ॲप: आठ महिन्यांच्या वापरानंतर

राळेगाव-मारेगाव भागातल्या गावांत ऑक्टोबरपासून मेपर्यंत, म्हणजे कापसाचा अख्खा हंगाम, हे ॲप चाललं. कास्तकाराचं नाव, सातबाऱ्याचा फोटो, वजन, ओलावा आणि पावती, एवढंच त्याचं काम. वरून अँड्रॉइड ॲप, आत पूर्ण वेबसाइट. तीच साइट क्रोममध्ये पहिल्या दिवसापासून नीट चालते, ॲपमध्ये मात्र एकेक गोष्ट अडत गेली. वेबव्ह्यू म्हणजे ॲपच्या आत वेबसाइट दाखवणारा अँड्रॉइडचा भाग. त्याचं इंजिन क्रोमचंच आहे, पण फाइल निवडणं, लोकेशन, डाउनलोड ही कामं ॲपच्या कोडनेच करावी लागतात.

सगळ्यात जास्त छळलं ते पांढऱ्या पडद्याने. त्याचं एक कारण सोपं निघालं: वेबव्ह्यूमध्ये डॉम स्टोरेज (साइटने फोनवर माहिती ठेवायची सोय, लोकल स्टोरेज तिचाच भाग) मुळात बंद असतं. साइट लोकल स्टोरेज वाचायला जाते, हाती काहीच येत नाही आणि स्क्रिप्ट तिथेच मरते. सेटिंग चालू केलं की हा प्रश्न मिटतो.

दुसरं कारण चिवट आहे. अँड्रॉइड ५ पासून वेबव्ह्यू प्ले स्टोअरमधून अपडेट होतो खरा, पण अँड्रॉइड ७ ला ११९ नंतर आणि ८-९ ला १३८ नंतर नवी आवृत्ती मिळत नाही. त्यात डेटा वाचवायला ऑटो-अपडेट बंद ठेवलेले फोन गावात भरपूर. असा फोन सत्तरीच्या आवृत्तीवरच अडकलेला असतो. प्रश्नचिन्ह-टिंब (?.) ही जावास्क्रिप्टची, म्हणजे साइटच्या कोडच्या भाषेची, खूण आवृत्ती ८० पासून कळते. त्याआधीच्या फोनवर ती एकदा जरी आली तरी अख्खी फाइल वाचली जात नाही, म्हणून अर्धवटही काही दिसत नाही. बिल्डचं टार्गेट (कोड कोणत्या जुन्या आवृत्तीपर्यंत चालेल असा तयार करायचा ते) क्रोम ७० वर आणल्यावर हे फोन चालू झाले. तरीही ‘ॲट’सारखी फंक्शनं (ती ९२ पासून आहेत) टार्गेट बदलून येत नाहीत, त्यांना पॉलिफिल (नसलेलं फंक्शन भरून काढणारा कोड) वेगळं जोडावं लागतं. वापरणाऱ्यासाठी उपाय सोपा: अँड्रॉइड ७ ते ९ वर वेबव्ह्यूचं काम क्रोमच करतो, तिथे क्रोम अपडेट करा, १० पासून पुढे ‘अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू’.

फोटोच्या बटणाचा दोष आधी लक्षातच येत नाही. बटण दाबलं, गॅलरी उघडली, फोटो न घेता मागे आलं, की त्यानंतर ते बटण कितीही दाबा, हलत नाही. माणसाला वाटतं फोन अडकला. खरं तर फाइल निवडणं रद्द झालं तरी ॲपने वेबव्ह्यूला ‘नल’, म्हणजे ‘काही निवडलं नाही’, असं उत्तर द्यायचं असतं. ते न मिळाल्यामुळे तो आधीच्याच उत्तराची वाट बघत बसतो. एका ओळीची दुरुस्ती आहे, पण ती सुटली की काट्यापाशी रांग लागते.

२ जीबी रॅमच्या फोनवर कॅमेरा उघडला की मागचं ॲपच मारलं जातं. परत आल्यावर पान नव्याने लोड होतं आणि भरलेलं वजन, ओलावा सगळं कोरं. वेबव्ह्यूची स्थिती जतन करूनही फॉर्ममधला मजकूर भरवशाने परत येत नाही. प्रत्येक रकाना बदलला की लगेच इंडेक्स्ड डीबीमध्ये (ब्राउझरच्या फोनवरच्या साठ्यात) कच्ची नोंद ठेवणं, हाच उपाय टिकला. टॉवर गेला तरी तीच नोंद कामी येते.

बाकीचं थोडक्यात. यूपीआयची लिंक वेबव्ह्यू स्वतः उघडत नाही, ‘अननोन यूआरएल स्कीम’ दाखवतो; ती पकडून इंटेंटने (दुसरं ॲप उघडायच्या अँड्रॉइडच्या निरोपाने) बाहेर पाठवा. पावतीची पीडीएफ ब्लॉब म्हणून, म्हणजे पानातच, तयार होत असेल तर अँड्रॉइडचा डाउनलोड मॅनेजर ती घेत नाही, तो फक्त एचटीटीपी पत्ते घेतो. सर्व्हरवरून साधी लिंक द्या. गुगल लॉगिन वेबव्ह्यूमध्ये गुगलनेच बंद ठेवलं आहे, त्यासाठी कस्टम टॅब, म्हणजे ॲपमधून उघडणारा खऱ्या ब्राउझरचा टॅब. वावराचं लोकेशन हवं तर साइट एचटीटीपीएसवर हवी आणि परवानगी दोनदा, एकदा ॲपला, एकदा पानाला. वेब पुश (साइटने पाठवलेली सूचना) येतच नाही, भावाची सूचना नेटिव्ह बाजूनेच, म्हणजे ॲपच्या स्वतःच्या कोडमधून, पाठवावी लागते.

चाचणीसाठी अँड्रॉइड ८ चा एखादा जुना फोन यूएसबीने जोडून क्रोमच्या इन्स्पेक्ट पानावर बघा. ॲपमध्ये डीबगिंग चालू असेल तर पांढऱ्या पडद्यामागची चूक तिथे ओळ क्रमांकासकट दिसते.