मिररलेस की खिशातला? भंडाऱ्याच्या गावाजवळ राहून दोन्ही वापरल्यानंतरचा अनुभव

सर्व्हिस सेंटरचं अंदाजपत्रक मेलवर आलं आणि हे लिहायचं नक्की केलं. माझ्या खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या आतल्या चिपवर, धूळ बसली होती. ती काढायला "लेन्स असेंब्ली बदलावी लागेल" असं उत्तर आलं आणि खाली आकडा होता, कॅमेऱ्याच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. कॅमेरा पडलेला नाही, भिजलेला नाही, मोटर व्यवस्थित चालते, भिंगावर ओरखडा नाही. आकाशाच्या फोटोत वर उजवीकडे दोन करडे ठिपके दिसायचे, एवढीच तक्रार. या ठिपक्यांमुळे माझं कॅमेऱ्यांबद्दलचं मत पार बदललं, म्हणून आधी त्यांच्याबद्दलच सविस्तर लिहिते.

मी सासवडला राहते. माउलींची पालखी दिवे घाट चढून आमच्याकडे मुक्कामाला येते आणि पुढे जेजुरीला जाते. जेजुरी तर आमची घरचीच. सोमवती अमावस्येला देवाची पालखी कऱ्हेवर स्नानाला निघते तेव्हा गडावर जो भंडारा उधळतात, त्याचे फोटो काढणं हा माझा जीव की प्राण असलेला छंद आहे. बाकी वर्षभर घरातली पोरं, भाचीचं लग्न, शेतावरची हुरडा पार्टी. म्हणजे माझा कॅमेरा धुळीत जातो, हळदीत जातो, गर्दीत जातो. मला सल्ला देणाऱ्या कुणीही हे विचारलं नव्हतं. सगळे मेगापिक्सेलवर बोलत होते.

माझ्याकडे दोन कॅमेरे आहेत. पहिला १ इंची सेन्सरचा छोटा. २०१२ साली सोनीचा आरएक्स१०० आला, तेव्हापासून या मापाचे खिशातले कॅमेरे बऱ्याच कंपन्यांनी काढले, त्यातला एक. माझा कोणत्या कंपनीचा ते मुद्दाम लिहीत नाही, कारण ही अडचण एका कंपनीची नाही, लेन्स आत-बाहेर होणाऱ्या सगळ्या जातीची आहे. दुसरा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला आणि लेन्स बदलता येणारा, सोनी ए६४००, त्याच्यावर किटची (कॅमेऱ्याबरोबरच मिळणारी) १६-५० मिमी झूम लेन्स आणि नंतर घेतलेली सिग्माची ३० मिमी एफ/१.४. एफपुढचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं आणि उजेड जास्त.

छोट्या कॅमेऱ्याचं कौतुक आधी करते, कारण ते खरं आहे. वारीत तो हातात असला की कुणी सावरून बसत नाही. फुगडी घालणाऱ्या आज्या फुगडी घालतच राहतात. मोठा कॅमेरा डोळ्याला लावला की "अगं, फोटो काढतीय, पदर घे" सुरू होतं. शिवाय एक गोष्ट अशी आहे की जिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. या कॅमेऱ्यांत शटर लेन्सच्या आतच असतं, त्यामुळे फ्लॅश १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान शटरवरही पूर्ण फोटोभर पडतो. ए६४०० वर ही मर्यादा १/१६० आहे. भर दुपारी पागोट्याखाली चेहरा काळा पडतो, अशा वेळी छोट्या कॅमेऱ्याचा तो इवलासा फ्लॅश उघडायचा, चार-पाच फुटांवर उभं राहायचं, आणि आजोबांच्या डोळ्यांतली चमक मागच्या निळ्या आकाशासकट येते. मोठ्या कॅमेऱ्याला हेच करायला वेगळा फ्लॅश आणि जास्तीचे पैसे लागतात. मला हा शोध लागला तेव्हा खरंच आनंद झाला होता.

आता सेन्सरच्या मापाचं. १ इंची म्हणतात, पण प्रत्यक्षात तो १३.२ बाय ८.८ मिमी असतो. माझ्या मिररलेसमधला, एपीएस-सी नावाच्या मापाचा, २३.५ बाय १५.६. क्षेत्रफळ तिपटीहून थोडं जास्त. हे वाचून माणूस लगेच मिररलेसकडे झुकतो. पण छोट्या कॅमेऱ्याची लेन्स एफ/१.८ ला सुरू होते आणि किटची लेन्स एफ/३.५ ला. दोन्ही सेन्सरांचं माप धरून हिशेब केला तर झूमच्या रुंद टोकाला दोघं जवळपास सारखेच उतरतात. छोट्याचं एफ/१.८ म्हणजे फुल फ्रेमच्या (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) मापात साधारण एफ/४.९, किटचं ३.५ म्हणजे साधारण ५.३. तेव्हा मिररलेस घेऊन जन्मभर किट लेन्स न काढणाऱ्या माणसाने घरातल्या कमी उजेडासाठी जास्त वजन उचलण्यात काहीच अर्थ नाही. हे मी आमच्या नात्यातल्या दोघांना स्पष्ट सांगितलं आहे. दुसरी लेन्स घ्यायची नसेल तर मिररलेसच्या वाटेला जाऊ नका.

तर ठिपके. दुकानात सांगतात की फिक्स लेन्सच्या कॅमेऱ्यात धूळ जातच नाही, कारण तो कधी उघडायचाच नसतो. बरोबर उलटं आहे. कॅमेरा चालू केला की लेन्सची नळी बाहेर येते, बंद केला की आत जाते, झूम केलं की पुन्हा हलते. प्रत्येक वेळी आतली जागा कमी-जास्त होते आणि हवा ओढली जाते, सायकलच्या पंपासारखी. हवेबरोबर जे असेल ते आत येतं. आणि जेजुरीच्या हवेत काय असतं ते महाराष्ट्राला सांगायला नको. हळदीची पूड मैद्यासारखी बारीक, त्यात किंचित तेलकट. नळीच्या सांध्यात बोट फिरवलं की बोट पिवळं होतं. तिथे दिसते तीच पुढे आत सरकते.

ठिपके सगळ्या फोटोंत दिसत नाहीत, त्यामुळे बरेच दिवस पत्ताच लागत नाही. एफ/२ ला प्रकाश रुंद शंकूसारखा येतो आणि धुळीची सावली पसरून नाहीशी होते. एफ/८, एफ/११ ला शंकू निमुळता होतो आणि सावली ठसठशीत पडते. मी उन्हातले फोटो एफ/८ ला काढत होते म्हणून मला दिसले. यावर एक उपाय सापडला आहे आणि तो कामाचा आहे. १ इंची सेन्सरवर एफ/८ लावायची गरजच नसते. एफ/४ ला पुढचा भंडारा उधळणारा आणि मागची दीपमाळ दोन्ही पुरेसे स्पष्ट येतात, आणि एफ/८ च्या पुढे चित्र उलट मऊ पडायला लागतं. ऊन फारच असेल तर अशा बऱ्याच कॅमेऱ्यांत एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) आतच असतो, तो चालू करायचा. एवढं केलं की ठिपके जवळपास जातात.

जवळपास. पूर्ण जात नाहीत. आणि माझा राग तिथेच आहे.

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर वॉरंटी कार्ड ठेवलं. तिथल्या मुलाने कॅमेरा हातात न घेताच सांगितलं, "मॅडम, डस्ट वॉरंटीत येत नाही."

"मी कॅमेरा उघडलेला नाही. लेन्स निघत नाही. मग धूळ गेली कुठून?"

"बाहेरून."

"बाहेरून आत जायला वाट कुणी ठेवली?"

याला उत्तर नव्हतं. वॉरंटीच्या अटींमध्ये वाळू, धूळ, ओल यांनी झालेलं नुकसान वगळलेलं आहे, हे त्याने बोट ठेवून दाखवलं आणि ते छापलेलं आहे हे खरं. पण काम नाकारलं तरी तपासणीचे पैसे द्यावे लागतील हे मात्र कॅमेरा जमा करून घेताना कुणी सांगितलं नाही. ते मी लेखी मागितलं, मिळालं नाही. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. रक्कम छोटी आहे. पण न सांगता लावलेला आकार का द्यायचा? तुम्हीही कॅमेरा देताना पावतीवर "तपासणी शुल्क" ही ओळ आहे का ते वाचा आणि नसेल तर तसं लिहून घ्या.

शेवटी कॅमेरा मुंबईला बोरा बझारात नेला. फोर्टातल्या त्या गल्ल्यांत अजूनही हाताने कॅमेरे खोलणारे कारागीर आहेत. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि सांगितलं, "ताई, साफ करून देतो. पण नळी हवा खेचणारच. परत आलात तर मला बोलायचं नाही." दोन तासांत दिला, कंपनीच्या आकड्याच्या पुढे काहीच नाही एवढ्या पैशांत. आकाश स्वच्छ झालं. पुढच्या सोमवतीनंतर एक ठिपका परत आला, जागा वेगळी.

व्हॅक्यूम क्लीनरची नळी लेन्सला लावून झूम आत-बाहेर करायचा एक प्रकार लोक करतात. मी केलेला नाही आणि करणार नाही. आत मोटर आहे, पातळ पाती आहेत, त्यातलं एखादं जागचं हललं तर बोरा बझारातले काकाही हात जोडतील.

मिररलेसमध्ये धूळ जात नाही असं नाही. जास्त जाते. लेन्स काढली की सेन्सर समोर उघडाच दिसतो, पूर्वीच्या एसएलआरमध्ये मध्ये आरसा तरी असायचा. २०१८ चा कॅननचा ईओएस आर बंद केल्यावर शटर सेन्सरवर ओढून घेतो, ए६४०० तसं करत नाही. पहिल्या महिन्यातच माझ्या सेन्सरवर चार डाग पडले. पण इथेच सगळा फरक आहे: ते मी स्वतः काढले. मेनूत क्लीनिंग मोड, सेन्सर थरथरतो, मग बंद करून लेन्स काढायची, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरायचं आणि रबरी ब्लोअरने चार-पाच फुंकर मारायच्या. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकीचे शिंतोडे धुळीपेक्षा वाईट. पुन्हा लेन्स लावून पांढऱ्या भिंतीचा एफ/१६ वर फोटो. पाच मिनिटांचं काम, ब्लोअरला एकदाच तीनेकशे रुपये. ना काउंटर, ना मेल, ना अंदाजपत्रक.

पण मिररलेसबद्दलचं माझं मतही मध्येच बदललं, तेही सांगितलं पाहिजे. सुरुवातीला मी जेजुरीला किट लेन्स घेऊन गेले. ती १६-५० सुद्धा चालू करताना बाहेर येणारी आणि झूमला हलणारी. म्हणजे धुळीचा पंप इथेही आहेच, फक्त तो सेन्सरपासून सुटा करता येतो. सिग्माची ३० मिमी लावल्यापासून फरक पडला. तिची लांबी फोकस करताना बदलत नाही, पुढे फिल्टर लावला की भंडारा काचेवर बसतो आणि तिथेच राहतो. ती धूळरोधक म्हणून विकली जात नाही, तरी हवा खेचणारी नळीच नसल्याने मला पुरते. गडावर जायच्या आधी घरी लेन्स लावायची आणि खाली उतरून कॅमेरा पुसेपर्यंत काढायची नाही, एवढा नियम. ए६४०० आणि ही लेन्स मिळून वजन साधारण ६७० ग्रॅम. पायऱ्या चढताना मान दुखते, आणि पर्समध्ये जात नाही. ते मी सहन करते.

भंडाऱ्याचे फोटो काढणाऱ्यांसाठी थोडं, कोणत्याही कॅमेऱ्यावर. ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याने आपोआप रंग जुळवण्याची सेटिंग, ठेवू नका, पिवळ्याने भरलेली फ्रेम दिसली की कॅमेरा तो पिवळा मारायला बघतो आणि हळद राखेसारखी येते. सूर्यप्रकाशाची सेटिंग कायम करा. उधळण हवेत असताना फोकस चाचपडतो, तेव्हा आधी चेहऱ्यावर लॉक करा. नंतर फिल्टर पदराने पुसू नका, आधी ब्लोअर, मग मऊ कोरडा ब्रश, ओलं कापड सगळ्यात शेवटी. पट्टा पिवळा झाला तर उन्हात टाका, हळदीचा रंग उन्हाने उडतो.

आज माझ्याकडे दोन्ही आहेत आणि कामं वाटली गेली आहेत. लग्न, प्रवास, पोरांचं गॅदरिंग, पावसाआधीची वारीची स्वच्छ सकाळ: छोटा. गड, धुळवड, बैलगाडा शर्यत: मिररलेस आणि ३० मिमी. एकच घ्यायचा असेल आणि तुम्ही शहरात, घरात, समुद्रापासून आणि मातीपासून लांब वावरत असाल, तर छोटा घ्या आणि वाचलेल्या पैशांत कुठेतरी जाऊन या. माती तुमच्या रोजच्या जगण्यात असेल, तर स्वतःच्या हाताने साफ करता येईल असाच कॅमेरा घ्या, मग तो जुन्या मॉडेलचा का असेना.

वापरलेला छोटा कॅमेरा घेणाऱ्यांसाठी एवढं नक्की. सध्या पोरापोरींत या कॅमेऱ्यांना पुन्हा मागणी आहे आणि जुने बरेच विकायला येत आहेत. विकणाऱ्यासमोरच छिद्र सर्वांत लहान करा, बहुतेकांत ते एफ/११ असतं, एनडी फिल्टर बंद ठेवा, मोकळ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि स्क्रीनवर मोठा करून चारही कोपरे बघा. झूम टोकापर्यंत नेऊन पुन्हा तेच करा. ठिपका दिसला तर सफाईचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी सुरू करा, आणि "नेहमीच्या फोटोत दिसत नाही हो" यावर एक रुपयाही वाढवू नका.