तालीम म्हणून डावललेला अल्बम : ‘ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्स’

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका मित्राच्या माडीवर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही पाच-सहा जण तबकड्या ऐकायला बसतो. जुलैच्या बैठकीत, बाहेर पावसाची झड लागलेली असताना, रॉक संगीतातला सर्वांत उपेक्षित अल्बम कोणता यावर वाद रंगला. एकाने लेड झेपलिनचा ‘प्रेझेन्स’ पुढे केला, दुसऱ्याने झॉम्बीजचा ‘ओडेसी अँड ऑरेकल’. मी पिंक फ्लॉईड या ब्रिटिश बँडच्या १९७२ च्या ‘ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्स’चे नाव घेतले, तेव्हा माडीचा मालक चटकन म्हणाला, “भावा, ती नुस्ती तालीम हाय. कुस्ती त्यांनी पुढच्या साली मारली.” ती कुस्ती म्हणजे अर्थातच १९७३ चा ‘द डार्क साइड ऑफ द मून’. त्या संध्याकाळी मला नीट उत्तर देता आले नाही. त्यानंतर ही तबकडी महिनाभर रोज लावली, आणि आता सविस्तर लिहितो आहे.

उपेक्षित कोणाला म्हणायचे, हे आधी ठरवायला हवे. ‘प्रेझेन्स’ची बाजू मला मान्य आहे. मोटार अपघातात जायबंदी झालेला झेपलिनचा गायक रॉबर्ट प्लांट चाकाच्या खुर्चीत बसून गात होता आणि म्युनिकमध्ये तीन आठवड्यांच्या आत अख्खा अल्बम पुरा झाला. त्यातली घाई आणि वेदना आजही अंगावर येते. परंतु १९७६ मध्ये तो ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर पोचला होता, आणि त्यातल्या दहा मिनिटांच्या ‘अकिलीस लास्ट स्टँड’ची थोरवी झेपलिनचा कोणताही जाणता श्रोता नाकारत नाही. ‘ओडेसी अँड ऑरेकल’ १९६८ मध्ये निघाला तेव्हा बँड आधीच मोडला होता आणि फारसे कोणी लक्ष दिले नाही, हे खरे. पण गेल्या काही दशकांत त्याचे इतके कौतुक झाले आहे की त्या उपेक्षेची भरपाई केव्हाच झाली. ‘ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्स’चे दुखणे निराळे आहे. ब्रिटनमध्ये तो सहाव्या क्रमांकापर्यंत चढला, अमेरिकेत सेहेचाळिसाव्या, म्हणजे तो ऐकला गेलाच नाही असे नाही. तो ऐकला जातो, पण ऐकणाऱ्याचे कान पुढच्या अल्बमकडे लागलेले असतात. दाराशी आलेल्या पाहुण्याला ‘थोरले बंधू येणार आहेत ना?’ असे विचारावे, तशी ही वागणूक आहे.

शिवाय तालमीचा हा आरोप तारखांच्या हिशेबातही टिकत नाही. ‘डार्क साइड’ची संपूर्ण मालिका फ्लॉईडने जानेवारी १९७२ पासून रंगमंचावर वाजवायला सुरुवात केली होती, आणि फेब्रुवारीत लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये तिचे प्रयोग लागोपाठ झाले. त्यानंतर, त्याच महिन्याच्या अखेरीस, ही चौकडी पॅरिसजवळच्या शातो द’एरूव्हिल या जुन्या वाड्यातल्या स्टुडिओत गेली. एल्टन जॉनने आपला ‘हाँकी शातो’ तिथेच जानेवारीत ध्वनिमुद्रित केला होता. मध्ये जपानचा दौरा उरकून फ्लॉईड मार्चमध्ये पुन्हा तिथे परतले, आणि मिळून जेमतेम दोन आठवड्यांत हे काम संपले. जून १९७२ मध्ये तबकडी बाजारात आली. मोठे काम रचून झालेले असताना, ते डोक्यावर घेऊनच त्यांनी हे छोटे काम केले. त्यामुळे याला पूर्वतयारी म्हणणे मला पटत नाही. मोठ्या ओझ्यातून काढलेली ही मोकळी सवड आहे आणि ती सवड प्रत्येक गाण्यात ऐकू येते.

काम होते बार्बे श्रोडर या दिग्दर्शकाच्या ‘ला व्हॅले’ या चित्रपटासाठी. पापुआ न्यू गिनीच्या जंगलात, नकाशावर ढगांमुळे कोरी राहिलेली एक दरी शोधायला निघालेल्या माणसांची ती कथा आहे; अल्बमचे नावही त्या कोऱ्या जागेवरूनच आले. फ्लॉईडने चित्रपटाची कच्ची जुळणी समोर ठेवून, स्टॉपवॉच हातात धरून एकेक तुकडा बेतला. येथे कोल्हापूरकर म्हणून मला थोडे अधिकाराने बोलावेसे वाटते. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे हे गाव. प्रभात १९२९ मध्ये येथेच उभी राहिली, आणि पुण्याला जाण्यापूर्वी १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ तिने येथेच केला. त्या बोलपटाचे संगीत गोविंदराव टेंबे यांचे, म्हणजे ज्यांच्या पेटीला आणि नाट्यसंगीताला साऱ्या महाराष्ट्रात मान होता त्यांचे. प्रसंगाच्या मापाने संगीत बेतणे हे कमी प्रतीचे काम आहे, असे या गावात तरी कोणी म्हणू नये. माप ठरलेले असले की पसारा घालता येत नाही. याआधीच्या अल्बमवर एकेक रचना तबकडीची सबंध बाजू व्यापून बसत असे. येथे दहापैकी एकही रचना सहा मिनिटांपर्यंत पोचत नाही.

सुरुवात शीर्षकरचनेने होते. व्हीसीएस-३ या सिंथेसायझरचा, म्हणजे विजेवर स्वर घडवणाऱ्या वाद्याचा, खर्जातला एकच स्वर तंबोऱ्यासारखा धरून ठेवलेला, त्याखाली ड्रमचा संथ, जड ठोका, आणि मग बँडचा गिटारवादक-गायक डेव्हिड गिल्मरची गिटार सावकाश वर चढत येते. ‘बर्निंग ब्रिजेस’मध्ये गिल्मर आणि पियानो-ऑर्गन वाजवणारा रिचर्ड राइट आळीपाळीने गातात, आणि त्या दोन आवाजांचे असे निवांत सख्य फ्लॉईडमध्ये पुन्हा फारसे सापडत नाही. याच गाण्याची चाल त्याच बाजूच्या शेवटी ‘मडमेन’ मध्ये शब्दांशिवाय परत येते. एखादा गवई तीच बंदिश आलापीत पुन्हा उलगडतो तेव्हा जसे वाटते तसे काहीसे वाटते, आणि गिल्मरच्या गिटारची पहिली दीर्घ हाक येते तेव्हा मी दर वेळी हातातला कप खाली ठेवतो.

‘वॉट्स... अह द डील’ हे माझ्या मते फ्लॉईडच्या सर्वांत सुंदर पाच-सहा गाण्यांपैकी एक आहे. साधी अकूस्टिक गिटार, थकलेल्या वाटसरूचे शब्द, मध्ये राइटचा पियानो, आणि कुठेही आवाज चढवण्याचा आग्रह नाही. गिल्मरने २००६ च्या आपल्या दौऱ्यात हे गाणे पुन्हा गायले, याचे मला नवल वाटले नाही. दुसऱ्या बाजूचे ‘चाइल्डहूड्स एंड’ हेही गिल्मरचेच, शब्दांसकट. यानंतर १९८७ पर्यंत फ्लॉईडच्या अल्बमवर त्याने एकट्याने लिहिलेले शब्द आले नाहीत. एवढी एक गोष्टसुद्धा हे गाणे लक्ष देऊन ऐकायला पुरेशी आहे.

मात्र माझा वाद मुख्यतः ‘फ्री फोर’वर उभा आहे. टाळ्यांच्या ठेक्यावर उड्या मारत जाणारे हे गाणे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हलकेफुलके वाटते, आणि अमेरिकेतल्या एफएम केंद्रांनी ते उचलले तेही बहुधा त्यामुळेच. शब्दांकडे लक्ष गेले की पायाचा ताल थांबतो. म्हातारपण, मृत्यू, आणि मग युद्धात मारला गेलेला बाप. हे गाणे लिहिणारा बँडचा बासवादक रॉजर वॉटर्स याचे वडील फेब्रुवारी १९४४ मध्ये इटलीतल्या अँझिओ येथे मारले गेले, तेव्हा तो पाच महिन्यांचा होता. ज्या दुःखावर पुढे फ्लॉईडचे ‘द वॉल’ आणि ‘द फायनल कट’ हे अल्बम उभे राहिले, त्या दुःखाचा पहिला उघड उच्चार येथे, या चार मिनिटांत आहे. आणि तो आक्रोश करत येत नाही. आमच्याकडे घरात मोठी माणसे एखाद्याच्या जाण्याविषयी बोलताना हातातले काम चालू ठेवतात, शेंगा फोडत राहतात, आणि आवाज नेहमीचाच ठेवतात. त्या रीतीने ही गोष्ट सांगितली आहे. टाळ्यांच्या खाली सिंथेसायझरचा जड, घरघरता स्वर मात्र सतत सरकत राहतो, आणि जे शब्द हसत सांगतात ते तो लपू देत नाही.

दोष आहेत. ‘द गोल्ड इट्स इन द...’ हे कोणत्याही बऱ्या बँडने केले असते असे सरधोपट रॉक आहे. ‘व्हेन यू आर इन’ एकाच तुकड्यावर फिरत राहते आणि काही न घडता विरून जाते. ‘स्टे’ गोड आहे, पण त्याचा विषय त्या गोडव्याला शोभत नाही.

मी घेतलेली प्रत २०१६ च्या पुनर्मुद्रणातली, १८० ग्रॅम वजनाची आहे. ऑनलाइन विक्रेत्याकडून आलेली पहिली प्रत बशीसारखी वाकलेली निघाली. पातळ पुठ्ठ्यात गुंडाळून मे महिन्याच्या उन्हात ती प्रवास करत आली होती. बदली प्रत मिळायला तीन आठवडे लागले. तिच्याबद्दल मात्र तक्रार नाही. पार्श्वभूमी शांत आहे, ड्रमच्या ठोक्याला वजन आहे, आणि राइटचा ऑर्गन गिटारमध्ये मिसळून जात नाही. मूळ ब्रिटिश वेष्टनाचे गोलाई दिलेले कोपरे जपले आहेत, आणि हिप्नोसिस या वेष्टने करणाऱ्या कलासंस्थेने केलेले ते मुद्दाम धूसर ठेवलेले चित्र मोठ्या आकारातच बघावे असे आहे; झाडावर माणूस बसला आहे हे कळायलाही डोळ्यांना थोडा वेळ द्यावा लागतो. टपालखर्चासह ती मला तीन हजारांच्या थोडी वर पडली. रक्कम लहान नाही, तरी दिल्याचा पश्चात्ताप नाही.

त्याचे एक कारण शेवटच्या रचनेत आहे. कॉलेजात असताना हा अल्बम मी शाहूपुरीतल्या एका ओळखीच्या माणसाने भरून दिलेल्या कॅसेटवर ऐकला. ‘अ‍ॅब्सोल्यूटली कर्टन्स’मधला शेवटचा भाग गाण्याचा नाही असे समजून त्याने कापला होता आणि त्या जागी दुसरेच काही भरले होते. पुष्कळ वर्षे माझ्यासाठी हा अल्बम ऑर्गनच्या लांबत जाणाऱ्या स्वरांवर संपत असे. प्रत्यक्षात ते स्वर हळूहळू मागे सरतात आणि पापुआ न्यू गिनीतल्या मापुगा लोकांचे सामूहिक गान उरते. ना गिटार, ना ड्रम, नुसते माणसांचे कंठ. ज्यांच्या दरीत चित्रपटातली मंडळी शिरली, शेवटचा शब्द त्यांचाच ठेवण्याचा हा निर्णय मला फार मोठा वाटतो.

ऑगस्टच्या बैठकीत मी दुसरी बाजू सुरुवातीपासून लावली. खालच्या तालमीत दिवे लागले होते आणि हौद्यातल्या ओल्या तांबड्या मातीचा वास जिन्यावरून वर येत होता. ते गान संपून सुई आत सरकेपर्यंत कोणी बोलले नाही. मग मी माझ्या मित्राला त्याच्याच शब्दाची आठवण करून दिली: ज्या गावात अल्लादिया खाँसाहेबांनी तालीम दिली आणि जिथे पैलवानाची ओळख त्याच्या तालमीच्या नावाने होते, तिथे हा शब्द कमीपणाचा कधीपासून झाला? त्याचे मत अजून बदललेले नाही. ‘फ्री फोर’ तेवढे त्याने पुन्हा लावायला सांगितले, आणि पुढच्या वेळी ‘प्रेझेन्स’ घेऊन येणार असल्याचे बजावले.