रॉटरडॅम की अँटवर्प? युरोपचे दार निवडताना

युरोपात पहिल्यांदाच माल पाठवणाऱ्या निर्यातदाराला, मग तो पिंपळगावचा द्राक्ष निर्यातदार असो किंवा चाकणचा सुटे भाग बनवणारा उद्योजक, एक प्रश्न हमखास पडतो: कंटेनर नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला उतरवावा की बेल्जियममधल्या अँटवर्पला? दोन्ही बंदरांमध्ये सुमारे शंभर किलोमीटरचेच अंतर आहे आणि न्हावा शेवाहून दोन्हीकडे जहाजे जातात. दोन्ही देश आकाराने लहान असून वस्तू व सेवांची निर्यात त्यांच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 80 टक्क्यांच्या आसपास जाते. भारतात हेच प्रमाण 20-22 टक्क्यांच्या घरात आहे.

सीमाशुल्काचा मुद्दा सुरुवातीलाच बाजूला ठेवावा. युरोपीय संघ हा एकच सीमाशुल्क प्रदेश असल्याने द्राक्षावरील किंवा नट-बोल्टवरील शुल्क दोन्ही बंदरांत सारखेच लागते. वसूल झालेल्या शुल्कापैकी 75 टक्के रक्कम संघाच्या अंदाजपत्रकात जमा होते आणि वसुलीचा खर्च म्हणून केवळ 25 टक्के त्या देशाकडे राहते, त्यामुळे एखाद्या देशाने ते परस्पर कमी करण्याचा प्रश्नच येत नाही. फळांवर उरणाऱ्या कीडनाशक अंशांच्या मर्यादाही सामाईक आहेत आणि पोलाद व ॲल्युमिनियमवर 1 जानेवारी 2026 पासून पूर्णपणे लागू झालेली कार्बन समायोजन यंत्रणाही (माल बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनावरचा आयात-आकार) दोन्हीकडे एकच आहे. ‘अमुक बंदरात ड्यूटी कमी बसते’ असे सांगणारा दलाल भेटला, तर त्याच्या बाकीच्या सल्ल्याकडेही जरा संशयानेच पाहिलेले बरे.

दुसरा सापळा आकडेवारीचा आहे. 2023-24 मध्ये भारताची नेदरलँड्सला झालेली निर्यात सुमारे 22 अब्ज डॉलरची होती आणि भारतीय मालाच्या खरेदीदारांमध्ये तो देश तिसऱ्या क्रमांकावर होता. हे वाचून पावणेदोन कोटींच्या आसपास लोकसंख्या असलेला तो देश म्हणजे मोठी बाजारपेठ आहे असे वाटते. पण त्या निर्यातीचा मोठा भाग शुद्ध केलेल्या पेट्रोलियम पदार्थांचा आहे आणि रॉटरडॅमला उतरलेला बराच माल पुढे जर्मनी किंवा अन्य देशांत जातो. संख्याशास्त्रज्ञ यालाच ‘रॉटरडॅम परिणाम’ म्हणतात. डच निर्यातीतही पुनर्निर्यातीचा वाटा फार मोठा आहे, मात्र अशा मालाच्या प्रत्येक युरोमागे देशात सुमारे दहा सेंटच मागे राहतात. बेल्जियमची मध्यवर्ती बँक या बाबतीत अधिक चोख आहे, कारण ती परकीय व्यापाराचे आकडे दोन पद्धतींनी मांडते आणि त्यांपैकी राष्ट्रीय पद्धतीत केवळ देशातून पुढे गेलेला माल वगळलेला असतो. बाजारपेठेचा अंदाज बांधायचा असेल, तर हा राष्ट्रीय पद्धतीचा आकडा पाहावा.

आता द्राक्षांकडे वळू, कारण निवडीचा खरा कस नाशवंत मालातच लागतो. प्रीकूलिंग (भरण्यापूर्वीचे थंडीकरण) करून, खोक्यात बुरशी रोखणारा सल्फर डायऑक्साइडचा कागद घालून, शून्य अंशाच्या आसपास भरलेला रीफर, म्हणजे शीत कंटेनर निघाला की घड्याळ सुरू होते. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यापासून बहुतेक कंपन्यांनी केप ऑफ गुड होपचा वळसा घेतला आणि प्रवास दहा ते पंधरा दिवसांनी लांबला. हा उशीर बंदर बदलून भरून निघत नाही. पण उतरल्यानंतरचा एक-एक दिवस वाचवता येतो आणि तिथे रॉटरडॅम पुढे आहे. बंदरापासून थोड्याच अंतरावर असलेल्या बारेंद्रेख्त येथे फळांचे आयातदार, शीतगृहे आणि पुनर्पॅकिंग करणारे कारखाने एकमेकांना लागून उभे आहेत. तिथे खोके उघडल्यावर पाहणारा मण्याच्या आधी देठ पाहतो. देठ हिरवा असेल तर माल ताजा आणि तपकिरी पडला असेल तर भाव तिथेच खाली येतो. खराब मणी काढून घड अर्ध्या किलोच्या डब्यांत भरण्याचा खर्च निर्यातदाराच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून वजा होतो. भाव आधी न ठरवता, विकला जाईल तसा हिशेब देण्याच्या बोलीवर माल दिला असेल, तर ही वजावट किती होईल ते समोरच्याच्या हातात राहते. अँटवर्पलाही फळांचा जुना व्यापार आहे, परंतु भारतीय द्राक्ष ओळखणारे आयातदार आणि एक गिऱ्हाईक फिरले तर त्याच दिवशी दुसरे शोधण्याची सोय डच बाजूला अधिक आहे. 2010 साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशांमुळे भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले, तेव्हा ही सोय किती मोलाची असते ते अनेकांना कळले. द्राक्षासाठी मी रॉटरडॅमच सुचवीन.

औद्योगिक मालाचे गणित मात्र उलटे फिरू शकते. अँटवर्प समुद्रकाठी नसून शेल्ड नदीतून सुमारे 80 किलोमीटर आत आहे आणि त्या नदीचे मुख डच हद्दीत येते. (1585 नंतर डचांनी ही वाट रोखून धरली आणि नदीवरचा जकात-हक्क 1863 मध्ये मोबदला देऊन सोडवावा लागला. शेजाऱ्यांची जुनी धुसफूस आहे ती.) जहाजाला आत येण्यास वेळ लागतो, पण माल कारखान्यांच्या आणि उत्तर फ्रान्सच्या अधिक जवळ उतरतो. युरोपातील सर्वांत मोठा रसायन-समूह याच बंदराभोवती आहे, कंटेनरबाहेर सुट्या येणाऱ्या पोलादाच्या हाताळणीत त्याचा हातखंडा आहे आणि एप्रिल 2022 मध्ये झेब्रुगे बंदर त्यात विलीन झाल्यापासून मोटारींची मोठी वाहतूकही त्याच व्यवस्थापनाखाली आली. 2024 मध्ये दोन्ही बंदरांची कंटेनर-संख्या जवळजवळ बरोबरीत, म्हणजे साडेतेरा ते चौदा दशलक्ष टीईयूच्या (वीस फुटी कंटेनरच्या मापाने) दरम्यान होती. तेव्हा अँटवर्पला दुय्यम समजण्याचे कारण नाही. गिऱ्हाईक जर्मनीच्या ऱ्हाइन पट्ट्यात असेल, तर 2007 पासून केवळ मालगाड्यांसाठी चालणारा रॉटरडॅमचा बेटुवे लोहमार्ग आणि नदीतली मालवाहू जहाजे सोयीची पडतात. लीलच्या किंवा पॅरिसच्या बाजूला असेल, तर अँटवर्प. हिऱ्यांबाबत तर चर्चेलाही जागा नाही, कारण मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील व्यापाऱ्यांचे नातेवाईकच अँटवर्पच्या हिरेबाजारात बसलेले आहेत.

कागदपत्रांत नेदरलँड्स सुटसुटीत आहे. तिथे ‘कलम 23’ चा परवाना असलेल्या आयातदाराला आयातीवरचा व्हॅट बंदरात रोख भरावा लागत नाही, तो नियमित विवरणपत्रात दाखवता येतो आणि पैसा अडकत नाही. बेल्जियममध्येही परवान्याने अशी सवलत मिळते, परंतु सरकारी दारे अधिक आहेत. निर्यात-गुंतवणूक प्रोत्साहनासाठी फ्लँडर्स (अँटवर्प यातच येते), वालोनिया आणि ब्रुसेल्स या तिन्ही प्रांतांची स्वतंत्र कार्यालये आहेत. ऑक्टोबर 2016 मध्ये कॅनडाबरोबरच्या व्यापार करारावरची सही मुख्यतः वालोनियाच्या विरोधामुळे काही दिवस लांबली होती, यावरून प्रांतांचे वजन लक्षात यावे. अँटवर्पशी काम असेल तर पहिले पत्र फ्लँडर्सच्या कार्यालयालाच पाठवावे.

संपांच्या बाबतीत बेल्जियमचे नाव अधिक वाईट आहे, तरी ऑक्टोबर 2025 मध्ये तिकडे नदीतून जहाजांना वाट दाखवणारे पायलट आणि रॉटरडॅमला जहाजावर कंटेनर बांधून पक्के करणारे कामगार, असे दोघेही एकाच महिन्यात अडून बसले होते. म्हणून बुकिंग करण्यापूर्वी खरेदीदाराकडून दोन गोष्टी लेखी घ्याव्यात: जहाज दुसऱ्या बंदराकडे वळवले गेले तर तिथून पुढचे ट्रकभाडे कोणी द्यायचे आणि कंटेनर धक्क्यावर पडून राहिला तर डिमरेज, म्हणजे उशिराचा आकार कोणाच्या खात्यावर पडणार.