एबीएस मॉड्यूलची घरगुती दुरुस्ती: कुठे जमते, कुठे हात लावू नये

एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) हिचा पिवळा दिवा लागला आणि दोष मॉड्यूलमध्ये, म्हणजे ब्रेकच्या हायड्रॉलिक ब्लॉकवर बसवलेल्या, पंप आणि व्हॉल्व्ह चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्यात निघाला, तर नवं मॉड्यूल घ्यायचं, भंगारातल्या गाडीचं घ्यायचं, की आहे तेच दुरुस्त करायचं, हा प्रश्न येतो. इथे परीक्षण आहे ते आपलंच मॉड्यूल घरच्या टेबलावर उघडण्याचं, आणि त्याला पर्याय म्हणून ते कुरियरने पाठवून दुरुस्त करून घेण्याच्या सेवेचं. ज्या मॉड्यूलमध्ये सोल्डरचे जोड तडकतात, तिथे घरगुती दुरुस्ती उत्तम. ज्यात अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक तारा सुटतात, तिथे ती फसवी आहे: दिवा विझतो, पण जोड टिकत नाही. आपल्या गाडीत कुठल्या जातीचं मॉड्यूल आहे हे कळल्याशिवाय झाकणाला ब्लेड लावू नये.

त्याआधी दोष खरंच मॉड्यूलचा आहे का, हे पक्कं करावं. मॉड्यूल काढून पाठवलं आणि "दोष आढळला नाही" म्हणून परत आलं, असं होतं ते बहुतेक वेळा ही पायरी गाळल्यामुळे. गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटला लावायचा साधा ओबीडी रीडर इंजिनचेच दोष-कोड दाखवतो. एबीएसचे कोड वाचणारा स्कॅनर हवा. एकाच चाकाच्या सेन्सरचा कोड असेल, तर आधी तो सेन्सर, त्याची वायर आणि हबवरचा गंज बघा. जुने दोन वायरींचे पॅसिव्ह सेन्सर मल्टिमीटरवर साधारण एक हजार ओहमच्या आसपास दाखवतात, गाडीनुसार थोडं कमी-जास्त. नवे अ‍ॅक्टिव्ह सेन्सर ओहममध्ये तपासता येत नाहीत. ते ७ आणि १४ मिलीअँपियर अशा दोन पातळ्यांवर करंट बदलून चाकाचा वेग सांगतात. त्यांना ओहममीटर लावून "ओपन" ठरवणं ही नेहमीची चूक. उलट फोक्सवॅगन-ऑडीमध्ये ००२८३, ००२८५, ००२८७ आणि ००२९० हे चारही चाकांचे कोड एकदम आले, तर चार सेन्सर एका दिवशी मरत नाहीत. तिथे संशय मॉड्यूलवर किंवा त्याच्या सप्लायवर जातो.

सप्लाय आणि अर्थ लोड देऊन तपासा. मल्टिमीटरवर १२ व्होल्ट दिसणं पुरेसं नाही. गंजलेल्या अर्थमधूनही मीटरपुरता करंट जातो. बॅटरीचं निगेटिव्ह काढा, मॉड्यूलचा कनेक्टर सोडवा, निगेटिव्ह परत जोडा, आणि पंपाच्या सप्लाय पिनपासून अर्थ पिनपर्यंत ५५ वॉटचा हेडलाइटचा हॅलोजन बल्ब लावा. तो साडेचार अँपियरच्या आसपास ओढतो. लख्ख पेटला तर वायरिंग ठीक, मिणमिणला तर अर्थ किंवा फ्यूजबॉक्स बघा. कनेक्टरच्या पिनांत जाड प्रोब कोंबू नका. पिन फाकली की पुढचा दोष आपणच तयार केलेला असतो.

पंपाची मोटर वेगळी तपासायची. मॉड्यूल काढल्यावर तिच्या दोन पिनांना ३० अँपियरच्या फ्यूजमधून सेकंदभर १२ व्होल्ट द्या. जोरात घुरघुरली तर ठीक. अडखळली, किंवा पिनांजवळ ब्रेक ऑइलचा ओलावा दिसला, तर मॉड्यूलवर मेहनत करू नका. मोटर पुन्हा नवं मॉड्यूल जाळेल.

मॉड्यूल काढणं हा भाग लोकांना वाटतो तितका धोक्याचा नाही. बहुतेक गाड्यांत इलेक्ट्रॉनिक भाग हायड्रॉलिक ब्लॉकला चार ते सहा टॉर्क्स स्क्रूंनी बसवलेला असतो आणि ब्रेकचे पाइप न सोडता सुटतो. पाइप सोडले नाहीत तर हवा शिरत नाही, म्हणून ब्लीडिंगही, म्हणजे पाइपांतली हवा काढणंही, नाही. व्हॉल्व्हच्या कॉइल मॉड्यूलमध्ये असतात (साध्या एबीएसमध्ये आठ, ईएसपी, म्हणजे गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा, असेल तर बहुधा बारा) आणि त्यांत शिरणारे धातूचे दांडे ब्लॉकमध्ये. त्यामुळे मॉड्यूल सरळ बाहेर ओढायचं, तिरकं नाही. मागे राहिलेल्या दांड्यांवर पान्हा आपटू नये, आणि ते स्वच्छ प्लास्टिक पिशवीने झाकून ठेवावेत. जागेअभावी पाइप सोडावेच लागत असतील, तर काम वेगळंच होतं: हवा काढायला अनेक गाड्यांत स्कॅनरने पंप आणि व्हॉल्व्ह चालवावे लागतात.

मर्सिडीजची एसबीसी ही इलेक्ट्रॉनिक ब्रेक यंत्रणा, किंवा हायब्रिड गाड्यांतली इलेक्ट्रॉनिक ब्रेक यंत्रणा असेल, तर इथेच थांबा. एसबीसीमध्ये दार उघडल्यावरही पंप दाब भरतो. त्या दाबाखाली हात अडकणं परवडणारं नाही.

आता सोल्डरवाली जात. १९९६ ते १९९८ च्या काळातल्या व्होल्वो ८५० आणि एस७०, तसंच १९९९ पासून काही वर्षं आलेले जीएमचे केल्सी-हेस ३२५ वापरणारे ट्रक, ही यातली ठळक नावं. जीएममध्ये सी०२६५ कोड आला की आधी ड्रायव्हरच्या बाजूला चॅसीवर असलेला अर्थ काढून घासा. कित्येकदा दोष तिथेच संपतो. जीएमच्या याच ट्रकांत कमी वेगात थांबताना एबीएस उगाच कुरकुरतं, त्यामागे बहुतेक वेळा हबवर सेन्सरखाली धरलेला गंज असतो, मॉड्यूल नाही.

इथे आत साधा सर्किट बोर्ड असतो आणि पंप मोटरच्या किंवा कनेक्टरच्या जाड पिनांभोवतीचं सोल्डर तापून-थंड होऊन गोलाकार तडकतं. दहापट भिंगाखाली पिनभोवती काळसर कडं दिसतं. लाकडी काडीने पिन हलवली की ती सोल्डरच्या आत डोलते.

सगळ्यात अवघड पायरी झाकण कापण्याची आहे, सोल्डरिंगची नव्हे. झाकण चिकटवलेलं किंवा वितळवून जोडलेलं असतं. रोटरी टूलवर पातळ चकती लावून जोडाच्या रेषेत, एका वेळी अर्धा-एक मिलिमीटर इतकंच कापत फिरा. प्लास्टिक संपलं की आवाज बदलतो, तिथे थांबा. खोल गेलेली चकती बोर्डवरची पट्टी कापते आणि मग पाच मिनिटांचं काम दोन तासांचं होतं. कोपरे शेवटी चाकूने. कापताना व्हॅक्यूम क्लीनरची नळी जवळ धरा, कारण हा भुसा आत राहू द्यायचा नाही. मनगटाला अर्थची पट्टी हवीच.

सोल्डरिंगला ६० वॉटचं तापमान-नियंत्रित आयर्न आणि अडीच-तीन मिलिमीटर रुंद चपटी टीप घ्या. टोकदार टीप जाड पिनला पुरेशी उष्णता देत नाही, आणि मग लोक तापमान वाढवत नेऊन बोर्डवरचे तांब्याचे पॅड उचकटतात. ३५० अंश सेल्सिअस पुरेसं. नुसतं जुनं सोल्डर वितळवून सोडणं ही अर्धी दुरुस्ती आहे: तड्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइड असतं, ते तसंच राहिलं तर काही महिन्यांत तडा तिथेच परत. आधी फ्लक्स (ऑक्साइड काढणारं रसायन), मग तांब्याच्या जाळीने जुनं सोल्डर शोषून घ्या, पिन चकचकीत करा, पुन्हा फ्लक्स, मग ६३/३७ टिन-शिशाचं सोल्डर. ते १८३ अंशांना वितळतं, शिसं नसलेलं साधारण २१७ च्या पुढे. एका पिनवर तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही. एकच पिन तडकलेली दिसली तरी त्या ओळीतल्या सगळ्या जाड पिना करून टाका. शेवटी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि बोर्डवरचं संरक्षक कोटिंग जिथे खरवडलं तिथे परत लावा.

झाकण परत लावायला न्यूट्रल क्युअर सिलिकॉनच वापरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना अ‍ॅसिटिक आम्ल सोडतं आणि ते बंद डब्यात तांबं खातं. २४ तास सुकू द्या, मगच गाडीत. ही घाई सगळ्यांना महागात पडते: इंजिनच्या कप्प्यात पाणी शिरायला एवढीशी फट पुरते.

दुसरी जात बॉश ५.३ ची, आणि त्या काळच्या बऱ्याच बॉश मॉड्यूलची. ती पसाट बी५, ऑडी ए४ आणि तिच्या पिढीतल्या इतर गाड्यांत मिळते. ०१२७६ म्हणजे पंपाचा कोड, किंवा स्कॅनरला मॉड्यूल सापडतच नाही, अशी लक्षणं. झाकणाखाली सिरॅमिकची पट्टी आणि पारदर्शक जेल दिसतं. पट्टीपासून डब्याच्या पिनांपर्यंत अ‍ॅल्युमिनियमच्या तारा अल्ट्रासॉनिक पद्धतीने जोडलेल्या असतात. सर्वांत जाड, म्हणजे पंपाच्या तारा आधी सुटतात.

अ‍ॅल्युमिनियमवर लगेच ऑक्साइड चढतं, त्यामुळे साधं सोल्डर चिकटत नाही, आणि सिरॅमिक उष्णता इतक्या झपाट्याने ओढून घेतं की जोड थंडच राहतो. म्हणून चांदीच्या वाहक इपॉक्सीने तांब्याची तार चिकटवण्याचा उपाय सुचवला जातो. सिग्नलच्या तारेसाठी तो काही काळ चालतो. पंपाच्या तारेतून जाणारा करंट आणि इंजिनची उष्णता धरता, तिथे ब्रेकचा भार इपॉक्सीवर टाकणं आम्ही मान्य करणार नाही. शिवाय जेल खरवडताना शेजारच्या चार चांगल्या तारा तुटण्याची शक्यता भरपूर. ही जात मशिनवर नवी तार जोडणाऱ्या दुरुस्तीवाल्याकडेच द्यावी. गोल्फ ५ मधल्या एटीई एमके६० ला येणारा ०१४३५, म्हणजे ब्रेक दाबाच्या सेन्सरचा कोड, तोही याच रकान्यात टाका. घरी सोल्डर मारून तो जात नाही.

पाठवून दुरुस्ती करणाऱ्या सेवेचं खरं मोल कोडिंगमध्ये आहे. आपलंच मॉड्यूल परत आलं की ते गाडीला ओळखतं. जोडा, कोड पुसा, झालं. पण काही ठिकाणी आपलं ठेवून घेऊन शेल्फवरचं दुसरं पाठवतात, आणि मग कोडिंग, स्टीयरिंग अँगल सेन्सरचं कॅलिब्रेशन असं सगळं मागे लागतं. म्हणून पाठवण्याआधी लेबलचा फोटो काढा, डब्याच्या आडबाजूला खूण करा आणि "हेच परत" असं लेखी घ्या. चांगली सेवा पंप आणि सगळ्या कॉइल लोडवर चालवून तपासते, काय सापडलं ते लिहून देते आणि दोष न सापडल्यास दुरुस्तीचे पैसे लावत नाही. "सगळे जोड ताजे केले" एवढंच उत्तर मिळालं तर दुसरीकडे बघा. पाठवताना अँटिस्टॅटिक पिशवी आणि वाचलेल्या कोडांची चिठ्ठी सोबत.

भंगारातलं मॉड्यूल शेवटचा पर्याय. पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला तरी ते त्याच वयाचं असतं आणि तोच तडा त्याच्याही वाट्याला येणार असतो.

मॉड्यूल नसताना गाडी चालवायची की नाही, याचं उत्तर शक्यतो नाही असंच. पॅडल दाबलं की ब्रेक लागतो, पण एबीएस आणि ईएसपीबरोबर मागच्या चाकांचा दाब आवरणारी ईबीडीही जाते. मागची चाकं आधी लॉक झाली तर गाडी फिरते. काही गाड्यांत स्पीडोमीटरही बंद पडतो.

बसवताना स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने, हाताच्या छोट्या ड्रायव्हरने घट्ट करा. ते अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये जातात आणि आटे सहज निघतात. कोड पुसा, गाडी सुरू करा, हळू पुढे घ्या. बऱ्याच गाड्यांत थोडा वेग येताच पंप स्वतःची चाचणी घेतो आणि एक छोटी घुरघुर ऐकू येते. मग मोकळ्या, रिकाम्या, ओल्या किंवा खडीच्या जागेत ताशी ३० किलोमीटरच्या वेगाने जोरात ब्रेक दाबा: पॅडल थरथरलं पाहिजे आणि चाकं लॉक होता कामा नयेत. थंड गाडीत सगळं नीट आणि इंजिन पुरतं तापल्यावर दिवा परत लागला, तर कुठला तरी तडा राहून गेला आहे. मॉड्यूल पुन्हा काढून, या वेळी हेअर ड्रायरने गरम करत भिंगाखाली एकेक पिन बघा.