पिरी रीस, मर्केटर, बॅरेंट्स की कुक: ध्रुवांच्या जुन्या नकाशांपैकी भरवसा कोणावर ठेवायचा?

"१५१३ सालच्या नकाशात बर्फाखालचा अंटार्क्टिका दाखवलाय" हा व्हिडिओ दर वर्षी नव्याने फिरतो, आणि मग दोन गट पडतात. एक म्हणतो जुन्या लोकांना सगळं माहीत होतं, दुसरा म्हणतो जुने नकाशे म्हणजे नुसती कल्पनाशक्ती. तुम्ही कुठल्या बाजूला जायचं हे ठरवत असाल तर माझं म्हणणं आधीच सांगतो, दोन्ही बाजू घाई करतायत. "जुने नकाशे" असा एक गठ्ठा नसतोच, प्रत्येक नकाशा वेगळा तपासावा लागतो, आणि तपासताना आकार किती जुळतो हे सगळ्यात शेवटी बघायचं. आधी बघायचं की ती रेघ कागदावर आली कुठून, कोणी तिथे जाऊन मोजलं होतं का, आणि माहिती संपली तिथे रेघ थांबवली का.

सगळ्यात जास्त वाद पिरी रीसवर, म्हणून सुरुवात त्याच्यापासून.

पिरी रीस हा ऑटोमन आरमारातला दर्यावर्दी, त्याने १५१३ मध्ये गेलिबोलूला हा नकाशा काढला, हरणाच्या कातड्यावर, आणि १९२९ मध्ये इस्तंबूलच्या टोपकापी राजवाड्यात त्याचा एक तुकडा सापडला. त्याने नकाशावरच लिहून ठेवलंय की आपण साधारण वीस जुने नकाशे वापरले, त्यात टॉलेमी या प्राचीन ग्रीक भूगोलज्ञाच्या परंपरेतले, पोर्तुगीजांचे, एक अरबी आणि एक कोलंबसचा. आपले सोर्स स्वतः सांगणारा माणूस मला फार आवडतो, आणि त्या काळाच्या मानाने नकाशा खरंच जबरदस्त आहे, आफ्रिकेचा पश्चिम किनारा आणि ब्राझील बघितलं की कळतं. वाद आहे तो खालच्या टोकाचा. तिथे दक्षिण अमेरिकेचा किनारा एकदम पूर्वेला वळतो, आणि १९५६ मध्ये आर्लिंग्टन मॅलरी आणि नंतर १९६६ च्या पुस्तकात चार्ल्स हॅपगुड म्हणाले की हा अंटार्क्टिकातल्या क्वीन मॉड लँड या भागाचा किनारा, तोही बर्फ यायच्या आधीचा. हॅपगुडकडे अमेरिकन हवाई दलातल्या एका अधिकाऱ्याचं १९६० चं पत्र होतं, की हे १९४९ सालच्या मोहिमेने बर्फातून घेतलेल्या मोजमापाशी जुळतं. व्हिडिओत कायम दाखवतात ते हेच पत्र.

आता हा दावा आणि नकाशा शेजारी शेजारी ठेवून बघा.

दावा खरा धरला तर दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधे समुद्र हवा. ड्रेक पॅसेज अरुंदातल्या अरुंद जागी ८०० किलोमीटरच्या आसपास आहे, नकाशात मात्र किनारा अखंड जातो, मधे फटसुद्धा नाही. म्हणजे ज्याला बर्फाखालचे खाचखळगे माहीत होते त्याला एवढा मोठा समुद्र दिसला नाही असं मानावं लागतं. दुसरं, जिथे कोलंबस प्रत्यक्ष गेला होता ते हिस्पॅनिओला बेट या नकाशात उभं काढलंय, खरं तर ते आडवं आहे, मग जिथे कोणीच गेलं नव्हतं तो भाग बरोबर कसा येणार. आणि तिसरा मुद्दा माझ्या मते निकाल लावणारा, तो व्हिडिओत कधीच येत नाही. त्याच खालच्या किनाऱ्याजवळ पिरी रीसने टीप लिहिलीय की हा मुलूख ओसाड आहे, इथे मोठे साप असतात असं म्हणतात, म्हणून पोर्तुगीज इथे उतरले नाहीत, आणि हा किनारा फार उष्ण असल्याचंही सांगतात. साप आणि उकाडा! नकाशा काढणाराच सांगतोय की मी ऐकीव माहितीवर काढलंय आणि जागा गरम आहे, त्यावर आपण चारशे वर्षांनी अंटार्क्टिका लादायचा, हे त्याच्यावरच अन्याय करणारं आहे. किनारा का वळला, याची साधी उत्तरं आहेत, कातड्यावर खाली जागा उरली नसेल म्हणून वळवला असेल किंवा मूळ पोर्तुगीज नकाशातच तो पूर्वेला झुकवलेला असेल, अभ्यासकांचं यावर एकमत नाही, पण यातलं कुठलंही उत्तर हरवलेल्या संस्कृतीपेक्षा कमी ओझ्याचं आहे.

बर्फाचं गणितही बघा. अंटार्क्टिकावर मोठी हिमचादर येऊन साधारण ३ कोटी ४० लाख वर्षं झाली, डोम सी नावाच्या जागी खोदून काढलेल्या बर्फातच सलग ८ लाख वर्षांची नोंद मिळाली, आणि आपली माणसाची जात सुमारे ३ लाख वर्षांची. बर्फाआधी तिथे जाऊन सर्व्हे करायला माणूसच नव्हता. क्वीन मॉड लँड म्हणजे आपल्याला अगदी अनोळखी जागा नाही, भारताची मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली आणि पुढे १९८३ मध्ये याच भागात दक्षिण गंगोत्री केंद्र उभं राहिलं, ते तरंगत्या बर्फाच्या थरावर होतं आणि काही वर्षांत बर्फात गाडलं गेलं, मग मैत्री केंद्र किनाऱ्यापासून बरंच आत, शिर्माकर ओअॅसिसच्या उघड्या खडकावर बांधलं. आजही भारताच्या अंटार्क्टिक मोहिमांचं काम गोव्यातल्या वास्कोच्या संस्थेतून चालतं. सांगायचा मुद्दा, तिथे समुद्राला लागते ती जमीन नाही, बर्फाची कड आहे, आणि बर्फाखालचा खडक कुठे आहे हे कळायला विमानातून रडार मारून कोट्यवधी मोजमापं गोळा करावी लागली, तो एकत्रित नकाशा २०१३ ला आला. १९४९ च्या मोहिमेकडे ठरावीक मार्गावरची मोजमापं होती, तेवढ्यावर "पूर्ण किनारा जुळतो" म्हणता येत नाही.

फिनेचं जरा वेगळं आहे. ओरोन्स फिने, फ्रेंच गणिती, १५३१ चा हृदयाच्या आकारातला नकाशा, आणि खाली खरोखर एक दक्षिण खंड, डोंगर नद्यांसकट. पहिल्यांदा बघितला की कोणीही चमकेल, कारण आकार ढोबळपणे जुळतो हे खरंय. पण तो जुळवायला हॅपगुडला खंड फिरवावा लागला, आकारमान सोडून द्यावं लागलं (फिनेचा खंड कितीतरी मोठा आहे आणि थेट मॅगेलनच्या सामुद्रधुनीपर्यंत वर येतो), आणि आजच्या नकाशात जी शेपटी सगळ्यात आधी डोळ्यात भरते ते अंटार्क्टिक द्वीपकल्प त्यात नाहीच. खंडावर फिनेने लॅटिनमध्ये लिहिलंय की हा नुकताच सापडलाय पण अजून पूर्ण माहीत नाही. नुकताच म्हणजे १५२० मध्ये मॅगेलन गेला तेव्हा डाव्या हाताला दिसलेली जमीन, टिएरा डेल फ्वेगो, ते बेट आहे हे कळलेलं नव्हतं आणि उत्तरेच्या जमिनीला तोलायला दक्षिणेत जमीन असलीच पाहिजे ही ग्रीक काळापासूनची समजूत होती, दोन्ही जोडलं की खंड तयार. पिरी रीस की फिने असं निवडायचंच असेल तर मी पिरी रीस घेईन, कारण त्याचा वरचा तीन चतुर्थांश भाग तरी खऱ्या प्रवासांवर उभा आहे.

ब्युआशचं थोडक्यात. फिलिप ब्युआश, १७३० ते ५० च्या दशकातला फ्रेंच नकाशाकार, त्याने दक्षिणेत दोन भूभाग आणि मधे गोठलेला समुद्र काढला आणि लोक म्हणतात बघा बर्फाखालचा समुद्र. तर त्याने हा तर्क केला होता, की एवढे हिमनग येतात म्हणजे मोठ्या नद्या आणि आतला समुद्र असणार. १७३९ मध्ये बूव्हे या फ्रेंच दर्यावर्दीला धुक्यात दिसलेलं एक छोटंसं बेट त्याने खंडाचं टोक म्हणून वापरलं. तर्क म्हणून ठीक, नकाशा म्हणून नाही.

आता उत्तरेकडे या, इथे तुलना खरी रंगते कारण दोन नकाशे फक्त तीन वर्षांच्या अंतराने छापले गेले आणि त्यांच्यात जमीन अस्मानाचा फरक आहे.

सोळाव्या शतकातला फ्लेमिश नकाशाकार मर्केटर, त्याचा उत्तर ध्रुवाचा नकाशा आधी १५६९ च्या मोठ्या जगाच्या नकाशात कोपऱ्यात आला, कारण त्याच्या प्रसिद्ध प्रोजेक्शनमध्ये (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायच्या पद्धतीत) ध्रुव दाखवताच येत नाही, आणि मग त्याच्या मृत्यूनंतर १५९५ च्या अॅटलासमध्ये पूर्ण पानावर. दिसायला इतका सुंदर की आजही लोक फ्रेम करून लावतात. ध्रुवावर एक काळा प्रचंड खडक, त्याच्याभोवती समुद्र, चार मोठी बेटं, आणि बेटांमधून चार प्रवाह आत खेचले जाऊन पृथ्वीच्या पोटात जातात, एका बेटावर चार फूट उंचीची माणसं राहतात अशीही नोंद. मर्केटर थापाड्या नव्हता हो, हे नीट लक्षात घ्या, त्याने १५७७ मध्ये जॉन डी या इंग्रज विद्वानाला पत्र लिहून सोर्स सांगितलाय, जेकब क्नोयेन नावाच्या प्रवाशाचा वृत्तांत, त्यात १३६० साली उत्तरेला गेलेल्या ऑक्सफर्डच्या एका पाद्र्याची हकीकत, आणि ते मूळ पुस्तक हरवलेलं. म्हणजे ऐकीवावर ऐकीव. सोर्स प्रामाणिक सांगितला तरी रेघ मात्र त्याने अशा आत्मविश्वासाने ओढली की बघणाऱ्याला खरा किनारा कुठला आणि गोष्टीतला कुठला हे कळतच नाही, आणि माझा मुख्य आक्षेप हाच आहे. वर त्याने १५५८ च्या झेनो नकाशातलं फ्रिसलंड नावाचं मोठं बेटही घेतलं, जे अस्तित्वातच नाही. याची किंमत लोकांनी मोजली. १५७८ मध्ये इंग्रज दर्यावर्दी फ्रोबिशर ग्रीनलंडवर उतरला आणि त्याला वाटलं हे फ्रिसलंड, त्यातून पुढे त्याची कॅनडातली खाडी कितीतरी वर्षं नकाशांवर ग्रीनलंडच्या दक्षिण टोकात छापली जात राहिली.

याच्या शेजारी १५९८ चा बॅरेंट्सचा नकाशा ठेवा. विलेम बॅरेंट्स, डच, १५९४ ते ९७ मध्ये तीन मोहिमा, हेतू एकच की उत्तरेकडून चीन आणि हिंदुस्थानला जायचा रस्ता शोधायचा, म्हणजे पोर्तुगीजांचा रस्ता टाळायचा. पहिल्या दोन मोहिमांत यान हुइखेन व्हान लिन्स्कोटेन होता, तोच जो १५८३ पासून पाचेक वर्षं गोव्यात आर्चबिशपकडे कारकुनी करत होता, गोव्याचा बाजार लिहून ठेवणारा माणूस आर्क्टिकच्या बर्फातही गेला होता हे फार लोकांना माहीत नसतं. तिसऱ्या मोहिमेत, जून १५९६ मध्ये, त्यांना स्पिट्सबर्गन दिसलं, मग नोव्हाया झेम्ल्याच्या वरून वळसा घालताना जहाज बर्फात अडकलं आणि वाहून आलेल्या लाकडांचं घर बांधून त्यांनी तिथे हिवाळा काढला. बॅरेंट्स परत येताना २० जून १५९७ ला वारला, नकाशा तो गेल्यावर छापला गेला.

त्या नकाशात स्पिट्सबर्गनचा पश्चिम आणि उत्तर किनारा आहे आणि बाकी नाही, रेघ तुटलेली. नोव्हाया झेम्ल्या जिथपर्यंत बघितलं तिथपर्यंत. जिथे मर्केटरची मोठी बेटं असायला हवी होती तिथे समुद्र आणि बर्फ. चुका आहेत, स्पिट्सबर्गन हा ग्रीनलंडचाच भाग असावा असं त्यांना वाटलं होतं, आणि रेखांश भरवशाचे नाहीत, कारण रेखांश काढायला अचूक घड्याळ लागतं आणि ते अठराव्या शतकापर्यंत कोणाकडेच नव्हतं, पण सूर्याच्या उंचीवरून काढलेले अक्षांश बरेच चांगले. ज्या भागात तो गेला नाही तिथे त्यानेही जुन्याच नकाशांवरून उचललंय हे मान्य, म्हणून हा नकाशाही सरसकट घेऊ नका. पण जिथे तो होता तिथे तो खरा आहे, आणि याचा पुरावा असा की १८७१ मध्ये एलिंग कार्लसन नावाच्या नॉर्वेजियन कप्तानाला ते घर खरोखर सापडलं, आत भांडीकुंडी, घड्याळ, पुस्तकं, ती आता अॅमस्टरडॅमच्या संग्रहालयात आहेत. मर्केटरच्या काळ्या खडकावर असं कोणाला काही सापडणं शक्य नव्हतं. मर्केटरच्या नकाशाची तांब्याची प्लेटही पुढे १६०६ च्या आवृत्तीत बॅरेंट्सच्या शोधांनुसार काही ठिकाणी खरवडून बदलली गेली.

दक्षिणेत हीच जागा कुकची. ब्रिटिश कप्तान जेम्स कुकने १७ जानेवारी १७७३ ला अंटार्क्टिक वर्तुळ ओलांडलं, ३० जानेवारी १७७४ ला ७१ अंश १० मिनिटं दक्षिणेपर्यंत गेला, सोबत हॅरिसनच्या घड्याळाची केंडॉलने केलेली नक्कल होती त्यामुळे रेखांशसुद्धा चांगले, आणि त्याला खंड दिसलाच नाही. १७७७ च्या नकाशात ध्रुवाभोवती त्याच्या जहाजाचा मार्ग आहे आणि आत कोरं. फिनेच्या नकाशात खंड आहे आणि कुकच्या नकाशात नाही, मग फिने जास्त बरोबर नाही का, असं कोणी म्हणेल. मी नाही म्हणेन, कारण फिनेच्या नकाशावर विसंबून जहाज हाकलं असतं तर जिथे किनारा दाखवलाय तिथे हजारो किलोमीटर मोकळं पाणी मिळालं असतं, आणि कुकच्या मार्गावर जिथे पाणी दाखवलंय तिथे पाणी होतंच. ध्रुवाजवळ जमीन असावी, हिमनग तिथूनच येत असावेत, असा त्याचा अंदाजही होता, पण तो त्याने शब्दांत लिहिला, रेघेत काढला नाही. १८२० मध्ये बेलिंग्सहाउझेन आणि ब्रान्सफील्ड यांना खंडाची कड दिसली तेव्हा कुकचं काही पुसावं लागलं नाही, फक्त भर घालावी लागली.

तर निवडायचंच असेल तर उत्तरेसाठी बॅरेंट्स, दक्षिणेसाठी कुक. त्या काळच्या लोकांना जग कसं वाटत होतं हे दाखवायचं असेल, शाळेत किंवा व्याख्यानात, तर मर्केटर आणि फिने बिनधास्त दाखवा, पण "अचूक" हा शब्द त्यांच्याबरोबर वापरू नका.

एकाच्या बाबतीत मात्र मलाही निकाल देणं जड जातं, तो म्हणजे चार्ल्स विल्क्स. अमेरिकन मोहीम, १८४०, पूर्व अंटार्क्टिकाचा साधारण २४०० किलोमीटर किनारा त्याने काढला, प्रत्यक्ष जाऊन, म्हणजे माझ्या कसोटीत तो पास व्हायला हवा. पण त्याने आपल्या नकाशाची प्रत ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स क्लार्क रॉसला पाठवली आणि रॉस १८४१ मध्ये त्यातल्या एका जमिनीवरून सरळ जहाज घेऊन गेला. विल्क्सचं म्हणणं की तो तुकडा आपला नव्हता, दुसऱ्याच्या शोधाची ऐकीव नोंद होती. रॉसला असल्या गोष्टी चांगल्याच माहीत होत्या, १८१८ मध्ये तो त्याच्या काकाच्या जहाजावर होता तेव्हा काकाला कॅनडाच्या उत्तरेतल्या लँकेस्टर साउंड या सामुद्रधुनीत वाट अडवणारी पर्वतरांग दिसली होती आणि पुढच्याच वर्षी पॅरी हा दुसरा ब्रिटिश कप्तान त्यातून आरपार गेला, तेव्हाही हा पुतण्या जहाजावर होता. थंड हवेच्या थरांमुळे लांबची जमीन उचलून जवळ दिसते, क्षितिजावर नसलेले डोंगर उभे राहतात, तिथे डोळ्यांवरही विश्वास ठेवता येत नाही. विसाव्या शतकात विमानातून फोटो घेतल्यावर विल्क्सने दाखवलेल्या बऱ्याच जागा सापडल्या, फक्त त्याने काढल्या त्यापेक्षा दक्षिणेला, आत. मी त्याला खरा धरतो, पण त्याच्या किनाऱ्याच्या अंतरावर विसंबून राहणार नाही.